शिलावर्तुळे आणि खसरा क्रमांक : प्रकल्प नोंदी, नागपूर परिसर, हंगाम २०२५-२६

४ नोव्हेंबर २०२५

नागपूरच्या पश्चिमेस व वायव्येस, काटोल आणि हिंगण्याच्या बाजूला असलेल्या निवडक मौजांतील महापाषाणयुगीन शिलावर्तुळांची, म्हणजे प्राचीन दफनांभोवती धोंडे मांडून केलेल्या वर्तुळांची, यादी अद्ययावत करणे, प्रत्येक वर्तुळाचे स्थान, व्यास व सद्यःस्थिती नोंदवणे, आणि ज्या समूहांना अद्याप कायद्याचे संरक्षण मिळालेले नाही त्यांपैकी कोणासाठी प्रस्ताव पाठवावा याविषयी अभिप्राय देणे, असे कामाचे स्वरूप आदेशात दिले आहे. उत्खनन या कामात नाही. तरुण सहकाऱ्यांना त्याचे वाईट वाटले आणि ते स्वाभाविकही आहे. मला मात्र ही मर्यादा योग्य वाटते. विदर्भातील वर्तुळे उघडून पाहण्याचा इतिहास दीडशे वर्षांहून मोठा आहे. ती कोणाच्या जमिनीत आहेत, त्या जमिनीचा क्रमांक काय आणि तिथे उद्या काय होऊ घातले आहे, हे लिहून ठेवण्याकडे मात्र आम्ही पुरातत्त्वाचे लोक नेहमीच दुय्यम काम म्हणून पाहत आलो.

जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट ही सर्वज्ञात स्थळे या नोंदींत नावानिशी येतील. प्रत्यक्ष काम ज्या असंरक्षित मौजात होणार आहे त्याचे नाव मात्र लिहीत नाही. त्याला ‘मौजा क’ म्हणेन. गुप्तधनाच्या आशेने वर्तुळाचा मध्य रात्रीतून उकरण्याचे प्रकार या भागाला नवे नाहीत, आणि तशा लोकांना आयता पत्ता देणे हे शासकीय नोंदीचे काम नव्हे.

११ नोव्हेंबर २०२५

सहकाऱ्यांना घेऊन जुनापाणीला गेले. पावसाळ्यानंतरचे गवत अजून कमरेएवढे आहे, त्यामुळे मोजमापाला हा काळ निरुपयोगी. पण वर्तुळ कसे असते आणि कसे नसते हे डोळ्यांना एकदा शिकवले की पुढचे महिने सोपे जातात. काटोल रस्त्यावरच्या या स्थळी सुमारे ३०० शिलावर्तुळे आहेत. ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कार्नॅक यांनी त्यांविषयी १८७९ मध्ये लिहिले आणि १९६१-६२ मध्ये पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी येथे शास्त्रीय उत्खनन केले. परिघावर काळ्या पाषाणाचे मोठे धोंडे, आत लहान दगड व मातीची भर, आणि भरीमुळे किंचित उचललेला मध्य, एवढीच त्यांची रचना. ज्याला देवळाचे शिखर किंवा किल्ल्याचा बुरूज पाहण्याची सवय आहे त्याला येथे ‘स्मारक’ दिसतच नाही, आणि संरक्षणाच्या सगळ्या अडचणी तेथूनच सुरू होतात.

वर्तुळ ओळखताना फसवणाऱ्या गोष्टीही सहकाऱ्यांना दाखवल्या. शेतकरी नांगरटीत आडवे येणारे गोटे वेचून धुऱ्यावर किंवा शेताच्या कोपऱ्यात ढीग करतात. असा जुना ढीग गवताखाली गेला की लांबून वर्तुळासारखा भासतो. पण त्याचे दगड एकावर एक टाकलेले असतात, जमिनीत बसलेले नसतात, आणि त्यांच्या आकारात कसलीही निवड नसते. वर्तुळाचे धोंडे साधारण एकाच मापाचे निवडून, खालचा भाग जमिनीत रोवून मांडलेले असतात. पाच धोंडे एकाच कमानीवर बसत असतील आणि उरलेले नाहीसे झाले असतील तरी ते वर्तुळच धरायचे, असा नियम आम्ही या हंगामासाठी ठरवला आहे. नाहीसे झालेले धोंडे बहुधा जवळच्या विहिरीच्या कठड्यात किंवा गोठ्याच्या पायात सापडतात, म्हणून तेही पाहायचे.

परतीच्या वाटेवर मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांचा विषय निघाला. नागपूरकरांना हे नाव महाविद्यालयामुळे माहीत असते. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची वर्तुळे पाहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात बुडून ते मरण पावले, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, त्याच वर्षीचा.

२० नोव्हेंबर २०२५

गवत वाळेपर्यंतचा वेळ अभिलेख कक्षात घालवायचा असे ठरले आहे. आज मौजा ‘क’ची बंदोबस्त मिसल (जुन्या जमीनमोजणीची व महसूल आकारणीची नोंद), निस्तार पत्रक (गावाच्या सामाईक वापराच्या हक्कांची नोंद) आणि जुना गाव नकाशा काढून घेतला. पश्चिम महाराष्ट्रातून बदलून आलेल्या सहकाऱ्याला खसरा (जमिनीच्या तुकड्याचा क्रमांक) आणि निस्तार पत्रक हे दोन्ही प्रकार नवे होते. त्याला समजावताना मलाही जाणवले की ही जुनी कागदपत्रे आमच्या कामाला किती उपयोगी आहेत. गुरे कोठे चरतील, जळण कोठून आणायचे, प्रेते कोठे पुरायची किंवा जाळायची, गावची माती कोठून उचलायची, हे सगळे निस्तार पत्रकात खसरा क्रमांकांसह लिहिलेले असते. जी जमीन पिढ्यान्‌पिढ्या चराईला राखलेली आहे ती नांगराखाली गेलेली नसण्याची शक्यता मोठी, आणि जी नांगराखाली गेली नाही तिच्यावर वर्तुळे शाबूत असण्याची शक्यताही तेवढीच मोठी. म्हणून शेतात पाऊल ठेवण्यापूर्वी चराईचे क्रमांक नकाशावर हिरव्या रंगाने भरून घेतले.

जमिनीची वाटणी तीन प्रकारची निघाली. टेकडीचा माथा व उतार महसुली अभिलेखात ‘झुडपी जंगल’, म्हणजे खुरट्या झुडपांची जमीन, म्हणून नोंदलेला आहे. त्याच्या खालची पट्टी शासकीय चराईची. आणि त्याखाली नाल्यापर्यंत खासगी शेते, त्यात कापूस, तूर आणि दोन ठिकाणी संत्र्याच्या बागा.

झुडपी जंगलाचा प्रश्न नागपूर विभागात सगळ्यांनाच ठाऊक आहे. पूर्व विदर्भातील सहा जिल्ह्यांत मिळून ८६,४०९ हेक्टर जमीन या नोंदीखाली आहे, आणि ती वनजमीनच समजावी असे सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजीच्या निकालात म्हटले. आमच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की माथ्यावरच्या वर्तुळांना आता १९८० च्या वन संवर्धन कायद्याचा आडोसा आहे. तेथे खाण किंवा वसाहत सहजासहजी येणार नाही. पण हा आडोसा झाडांसाठी आहे, दगडांसाठी नव्हे. वनीकरणाचे खड्डे आणि पाणी अडवण्यासाठी उताराला आडवे जाणारे सलग समतल चर ही वनजमिनीवरची पूर्णपणे कायदेशीर आणि उपयुक्त कामे आहेत, आणि असा एक चर वर्तुळाच्या मधून गेला तर मुरमाच्या खाणीइतकेच नुकसान होते. त्यामुळे ‘वनजमीन आहे, म्हणजे सुरक्षित आहे’ हा शेरा आमच्या यादीत कोठेही लिहायचा नाही, असे सांगून ठेवले.

९ डिसेंबर २०२५

आजपासून क्षेत्रकाम सुरू झाले. सकाळी चांगलीच थंडी होती, दव उतरायला नऊ वाजले. गवत पिवळे पडून आडवे होऊ लागले आहे. माथ्यापासून खाली, एकमेकांपासून दहा मीटर अंतर ठेवून ओळीने चालत आलो. प्रत्येक वर्तुळासाठी एक प्रपत्र भरायचे आहे : बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंतचा व्यास, तो दोन दिशांनी, उभ्या, पडलेल्या आणि हरवलेल्या धोंड्यांची संख्या, भरीची उंची, मध्यभागी खड्डा आहे का आणि असल्यास त्याच्या कडा ताज्या आहेत की गवताळलेल्या, भोवतालची झाडे, विशेषतः भरीत मुळे घुसवणारे पळस आणि बोरी.

हातातल्या जीपीएस यंत्रावर विसंबायचे नाही हा नियम सहकाऱ्यांना पहिल्या तासात जाचक वाटला. त्या यंत्रात काही मीटरांची चूक सहज येते, आणि एरवी संशोधनाच्या नकाशावर ती खपूनही जाते. पण येथे वर्तुळ खसऱ्याच्या हद्दीला टेकून असेल तर त्या चुकीने ते एका मालकाच्या शेतातून उचलून दुसऱ्याच्या शेतात ठेवले जाते. पुढे हाच कागद कोणी सुनावणीत उघडला तर त्याचा आधार उरत नाही. म्हणून भूमी अभिलेख विभाग मोजणीला वापरतो तशाच प्रकारचे, उपग्रहांच्या आधारे सेंटिमीटरांपर्यंत अचूक स्थान देणारे रोव्हर यंत्र वापरून प्रत्येक वर्तुळाचा मध्य आणि परिघावरचे चार बिंदू घेत आहोत. वेळ जास्त लागतो, हे खरे.

१२ डिसेंबर २०२५

परिघाच्या धोंड्यांवर वाटीसारखे खळगे मिळाले. जुनापाणीच्या धोंड्यांवर असे खळगे आहेत आणि ते ठरावीक दिशांच्या धोंड्यांवरच असल्याचे काही अभ्यासकांनी मांडले आहे. मौजा ‘क’मधील खळगे कोणत्या दिशेला आहेत हे आम्ही होकायंत्राने अंशांत नोंदवत आहोत, पण त्यातून निष्कर्ष काढण्याची घाई येथे करणार नाही, अनेक धोंडे हललेले आहेत, आणि हललेल्या धोंड्याची दिशा ही त्याला शेवटचे ज्याने ढकलले त्याची दिशा असते.

छायाचित्रणाविषयी एक सूचना पुढच्या गटासाठी लिहून ठेवते. खळगे दुपारच्या उन्हात दिसत नाहीत. सूर्य उगवल्यानंतरचा किंवा मावळण्यापूर्वीचा तिरपा प्रकाश लागतो, नाहीतर अंधार पडल्यावर विजेरी दगडाच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरावी. खळगे उठून दिसावेत म्हणून ते खडूने भरण्याची जुनी पद्धत कोणीही वापरू नये, आणि दगडावरचे दगडफूल घासून काढू नये. त्याखालचा पृष्ठभाग त्याबरोबर सुटतो, शिवाय दगड किती काळ न हलता एका बाजूवर पडून आहे याचा अंदाज कधीकधी त्या दगडफुलावरूनच येतो.

२३ डिसेंबर २०२५

दुपारी खालच्या पट्टीत चालताना मुरमाची खाण लागली. खासगी शेताच्या वरच्या कोपऱ्यात, चराईच्या हद्दीला लागून, यंत्राने काढलेला खोल खड्डा आहे आणि त्याच्या उत्तरेकडील उभ्या कडेने एका वर्तुळाचा जवळपास तिसरा हिस्सा कापला गेला आहे. परिघाचे काही धोंडे खड्ड्याच्या तळाशी पडलेले आहेत.

शेतमालक स्वतः आले. त्यांनी गौण खनिजाचा परवाना आणि स्वामित्वधन (रॉयल्टी) भरल्याची पावती दाखवली. दोन्ही कागद व्यवस्थित आहेत, मुदतीत आहेत आणि परवान्यातील ब्रासची मर्यादाही ओलांडलेली दिसत नाही. म्हणजे घडले ते नियमाबाहेर नाही. प्राचीन स्मारकांविषयीचा १९५८ चा केंद्रीय कायदा काय किंवा १९६० चा राज्याचा कायदा काय, त्यांतील मनाई ही संरक्षित घोषित केलेल्या स्मारकाला व क्षेत्राला लागू होते. घोषित नसलेले वर्तुळ हे त्या कायद्यांच्या नजरेत शेतातले गोटे आहेत. परवाना देणाऱ्यासमोर जो सातबारा जातो त्यात पीक, विहीर, झाडे, बोजा सगळे असते. वर्तुळाची नोंद नसते, कारण ती कोणी कधी करून दिलेली नाही.

मुरूम आणि वर्तुळे नेमकी एकाच जागी का भेटतात, हेही येथे लिहिले पाहिजे, कारण हा योगायोग नाही. वर्तुळे बांधणाऱ्यांनी काळ्या मातीची सखल जमीन सोडून बहुतेक वेळा खडकाळ, उंचवट्याची, पाण्याचा निचरा होणारी जागा निवडली. तेथे बेसॉल्टची झीज होऊन मुरूम तयार झालेला असतो, वर मातीचा थर पातळ असतो आणि धोंडे हाताशी असतात. आज रस्त्याच्या भरावासाठी मुरूम शोधणारा माणूस अगदी हेच गुण पाहून जागा निवडतो. नागपूरच्या चहूबाजूंनी रस्ते आणि वसाहती वाढत असताना सगळ्यात आधी उंचवटे जातात. त्यामुळे परवान्यांचा नकाशा आणि वर्तुळांचा नकाशा एकमेकांवर ठेवून पाहिला तर पुढील धोका कोठे येणार हे बऱ्याच अंशी आधीच सांगता येईल, आणि या प्रकल्पातून दुसरे काही साधले नाही तरी एवढे साधावे असे मला वाटते.

मालकांनी खोदकाम थांबवण्याचे तोंडी कबूल केले. ते म्हणाले, “मॅडम, हे गोटे तं आमच्या आज्याच्या आधीपासून असेच हाये. कोणी सांगतलंच नाही का हे सरकारी हाये म्हणून.” ते सरकारी नाहीत, तुमच्याच शेतातले आहेत, पण जपण्यासारखे आहेत, हे सांगताना माझीच वाक्यरचना अवघडली.

२४ डिसेंबर २०२५

पंचांसमक्ष स्थळाचा पंचनामा केला, मोजमापे व छायाचित्रे घेतली आणि तहसील कार्यालयास पत्र पाठवले. पत्रात कोणावरही कारवाईची मागणी नाही. ज्या खसरा क्रमांकांत वर्तुळे आढळली त्यांची यादी जोडून, त्या क्रमांकांत गौण खनिजाचा नवा परवाना देण्यापूर्वी किंवा जुन्याला मुदतवाढ देण्यापूर्वी आमचा अभिप्राय घ्यावा, एवढीच विनंती केली आहे.

६ जानेवारी २०२६

कापलेल्या कडेचा छेद, म्हणजे थर दाखवणारा उभा काप, साफ करून त्याचे रेखाचित्र पूर्ण केले. कड खुरप्याने आणि ब्रशने फक्त उभी साफ केली; आत एक बोटही शिरलो नाही. वरून पातळ तपकिरी माती, त्याखाली मूठभर ते डोक्याएवढ्या दगडांची दाट भर, त्याखाली नाल्याकडून आणून टाकल्यासारखी चिकण काळी माती, आणि तळाला न हललेला पिवळसर मुरूम, असा क्रम स्पष्ट दिसतो. काळी माती या उंचवट्यावर आपसूक आलेली नाही. ती कोणीतरी वाहून आणली.

त्या काळ्या थरातून काळ्या-तांबड्या मृद्भांड्यांची खापरे आणि लोखंडाचा एक तुकडा बाहेर डोकावत होता. तो कड कोसळताच पडला असता, म्हणून काढून घेतला. त्यावर गंजाची एवढी पुटे आहेत की तो काय आहे हे क्ष-किरण चित्र येईपर्यंत लिहिणार नाही. छिन्नीसारखा वाटतो असे सहकाऱ्याने म्हटले आणि तेवढ्यात गावातल्या एका मुलाने तलवार सापडल्याचे जाहीर करून टाकले. लोखंड पाण्याने धुवायचे नाही, ब्रशने घासायचे नाही, त्यावरची माती तशीच ठेवून सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवायचे, ही काळजी घेतली आहे. जमिनीत दोन-अडीच हजार वर्षे टिकलेले लोखंड बाहेरच्या दमट हवेत एका पावसाळ्यात पापुद्रे सुटून संपते.

खापरांच्या आणि लोखंडाच्या नोंदीची प्रत जिल्हाधिकारी कार्यालयास दिली. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची मोलाची वस्तू सापडली तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवायचे असते. दहा रुपयांची ती मर्यादा आजही तशीच आहे, आणि खापराची किंमत कशी ठरवायची यावर कार्यालयात थोडा विनोदही झाला.

एक प्रश्न दिवसभर चर्चेत राहिला. कड तर उघडी पडलीच आहे, तिसरा हिस्सा गेलाच आहे, मग उरलेले वर्तुळ बचाव उत्खनन म्हणून रीतसर परवानगीने उघडावे का? माझे मत नाही असे आहे आणि ते कारणांसह लिहून ठेवते. विदर्भात उघडलेल्या वर्तुळांतून काय मिळते हे आपल्याला बऱ्यापैकी माहीत आहे. नागपूर विद्यापीठाच्या वतीने शां. भा. देव यांनी १९६८-६९ मध्ये टाकळघाट-खापा आणि १९७०-७२ मध्ये माहुरझरी येथे केलेल्या उत्खननांनी लोखंडी शस्त्रे व अवजारे, घोड्याचे लगाम, घोड्याच्या तोंडावरचे तांब्याचे अलंकार, मणी यांचे चित्र उभे केले; १९७८ ते १९८० दरम्यान नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टीच मिळाली. आणखी एका अर्ध्या वर्तुळाने या चित्रात जी भर पडेल ती थोडी असेल. उलट, मातीच्या नमुन्यांवरून, परागकणांवरून, अस्थींतील प्राचीन जनुकद्रव्यावरून प्रश्न विचारण्याची साधने दर दशकाला सुधारत आहेत. उरलेले दोन हिस्से आज धोक्यात नाहीत, कारण खाण थांबली आहे. धोका नसताना बचाव म्हणून केलेले उत्खनन हे केवळ उत्खननच असते. सहकाऱ्यांपैकी एकाचे मत वेगळे आहे. त्याने ते प्रपत्राच्या शेरा-रकान्यात लिहावे असे मी सांगितले आणि त्याने ते लिहिले आहे.

१३ जानेवारी २०२६

छेद बंद केला. कडेला जिओटेक्स्टाइल कापड लावून त्यावर वाळूच्या गोण्यांची उतरती रचना केली आणि बाहेरून मुरूम दाबून भरला. मुरूम खाणीच्या मालकांनीच दिला, ट्रॅक्टरही त्यांचाच होता. कापडाच्या तळाशी चालू वर्षाचे नाणे आणि तारीख लिहिलेली पट्टी ठेवली आहे, म्हणजे पुढे कधी कोणी ही जागा उघडली तर आमची भर आणि मूळ भर यांची गल्लत होणार नाही. वरच्या बाजूने येणारे पावसाचे पाणी खड्ड्यात उतरू नये म्हणून एक उथळ पाट वळवला. तो खोदण्यापूर्वी त्या रेषेवर वर्तुळ नाही ना हे दोनदा पाहिले.

२६ जानेवारी २०२६

ध्वजारोहणानंतरच्या ग्रामसभेत सरपंचांनी आम्हाला बोलायला वेळ दिला. मी वर्तुळांच्या वयाविषयी, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकाविषयी थोडके बोलले. लोकांचे लक्ष तिथे नव्हते आणि ते मला अपेक्षितच होते. पहिला प्रश्न एका म्हाताऱ्या आजींनी विचारला : जमीन जाणार काय?

याचे उत्तर नीट द्यायचे असेल तर कायदा नीट सांगावा लागतो. क्षेत्र संरक्षित घोषित झाले म्हणून मालकी जात नाही. १९५८ च्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे संरक्षित क्षेत्रात बांधकाम, खाणकाम, खोदकाम, सुरुंग यांना परवानगीशिवाय मनाई आहे. पण एक फुटापेक्षा खोल माती उकरली जात नसेल तर तिथे शेती करता येते, असे त्याच कलमात स्पष्ट म्हटले आहे. कापूस-तुरीवाले ऐकून निवांत झाले. संत्र्याच्या बागेचे मालक झाले नाहीत, आणि त्यांचे बरोबर होते. कलमे लावायचा खड्डा एका फुटात बसत नाही.

खरी अडचण त्यानंतर पुढे आली, आणि ती मीच सांगितली, कारण नंतर कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे. २०१० च्या दुरुस्तीप्रमाणे केंद्रीय संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून सर्व बाजूंना १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र धरले जाते आणि त्यापुढे २०० मीटर विनियमित. पहिल्या पट्ट्यात नवे घर बांधता येत नाही, जुन्याची दुरुस्तीही परवानगीनेच. दुसऱ्यात बांधकामासाठी परवानगी लागते. उल्लंघन केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. मौजा ‘क’चे गावठाण खालच्या वर्तुळांपासून फार लांब नाही. घरकुल मंजूर झालेली कुटुंबे सभेत बसलेली होती. सभेत बराच वेळ कोणी बोलले नाही आणि मग सगळेच एकदम बोलू लागले.

१० फेब्रुवारी २०२६

प्रस्तावाच्या हद्दीवर आठवडाभर काम चालू आहे. माझा पहिला आराखडा सगळ्या वर्तुळांना कवेत घेणारा होता. पुस्तकी दृष्टीने तो अचूक, कारण वर्तुळांमधली मोकळी जागाही स्थळाचाच भाग असते. तिथे खुणेचे दगड, तात्पुरत्या चुली, मिरवणुकीच्या वाटा असू शकतात. पण त्या हद्दीपासून १०० मीटर मोजले की गावठाणाची एक पूर्ण ओळ प्रतिबंधित क्षेत्रात येते.

आज अधीक्षकांबरोबर नकाशा समोर ठेवून दुसरी रेषा आखली. माथा, उतार आणि चराईची पट्टी मिळून एकसंध क्षेत्र प्रस्तावात ठेवायचे. ते जवळजवळ सगळे शासकीय आहे आणि शाबूत वर्तुळांपैकी बहुसंख्य तेथेच आहेत. खाणीने कापलेले वर्तुळ हद्दीला लागून असल्याने तेही घ्यायचे. गावठाणाजवळची, आधीच निम्म्याहून अधिक मोडलेली वर्तुळे प्रस्तावातून वगळायची, मात्र त्यांचे पूर्ण अभिलेखन करून खसरानिहाय यादी तहसील व ग्रामपंचायतीकडे द्यायची. नव्या रेषेपासून गावठाणाच्या पहिल्या घरापर्यंत १०० मीटरांहून अधिक अंतर राहते.

वगळलेल्या वर्तुळांविषयी मला वाईट वाटत नाही असे म्हणणे खोटे ठरेल. परंतु ज्या संरक्षणामुळे गावाच्या घरावर पत्रा चढवायला परवानगी मागावी लागते, त्या संरक्षणाचा फलक गावच उपटून टाकते, आणि मग माथ्यावरची वर्तुळे राखायला एक स्मारक परिचर पुरत नाही. अधीक्षकांनी मोकळ्या जागेबाबतचा माझा आग्रह चराईच्या पट्टीपुरता मान्य केला.

१७ फेब्रुवारी २०२६

नाल्याच्या काठी पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीची, जागा सापडली. करड्या राखाडी मातीचा बुटका उंचवटा, नांगरलेला, आणि त्यात वर्तुळाच्या छेदात मिळाली तशीच खापरे, लोहकीट (लोखंड गाळताना उरणारा मळ) आणि जळलेल्या मातीचे गोळे. ही वर्तुळे बांधणाऱ्यांची वस्ती असू शकते. टाकळघाटला वस्ती आणि जवळच खाप्याला दफने, असा जोड पूर्वी मिळालेला आहेच. असा जोड एकाच मौजात मिळणे हे प्रस्तावातील ‘राष्ट्रीय महत्त्व’ या मुद्द्याचे सर्वांत भक्कम समर्थन ठरेल, पण ही जागा खासगी आहे आणि गावठाणाच्या बाजूला आहे. येथील माती घरांच्या भिंतींना आणि शेतांना नेण्याची जुनी पद्धत आहे. मालकांशी बोलले, माती उचलू देणार नाही असे ते म्हणाले, लेखी मात्र काही नाही. प्रस्तावात ही जागा परिशिष्टात दाखवली आहे.

१० मार्च २०२६

भूमी अभिलेखच्या मोजणीदारांनी हद्द प्रत्यक्ष जागेवर दाखवली. आमचे बिंदू आणि त्यांची मोजणी काही सेंटिमीटरांच्या आत जुळली, त्यामुळे डिसेंबरातल्या संथ कामाविषयीची कुरकुर आपोआप मिटली. हद्दीचे कोपरे चुन्याने आणि लाकडी खुंट्यांनी दाखवले आहेत. सिमेंटचे खांब आताच रोवायचे नाहीत. घोषणेपूर्वी कायद्याने दोन महिन्यांची सूचना द्यावी लागते, त्या काळात हरकती येतील आणि रेषा हलू शकते.

तहसील कार्यालयाकडून उत्तर आले. यादीतील खसरा क्रमांकांत गौण खनिजाचे परवाने देताना पुरातत्त्व कार्यालयाचा अभिप्राय घ्यावा, अशी टीप संबंधित धारिकेत घेतली आहे. वनाधिकाऱ्यांशी झालेल्या बैठकीत पावसाळ्यापूर्वीच्या चरांची आखणी आमच्या नकाशावर तपासून घेण्याचे ठरले. दोन ओळींची दिशा त्यांनी तिथेच बदलली.

२४ मार्च २०२६

प्रस्ताव सादर केला. सोबत वर्तुळनिहाय प्रपत्रे, खसरानिहाय यादी, तीन नकाशे, छेदाचे रेखाचित्र, ग्रामसभेच्या ठरावाची प्रत आणि सहकाऱ्याचे वेगळे मत जोडले आहे. ठरावात गावाने एक अट घातली आहे, की माथ्यावरच्या देवाला जाणारी पायवाट बंद करू नये. ती वाट कोणत्याही वर्तुळातून जात नाही, म्हणून तसा अभिप्राय दिला.

लोखंडाच्या तुकड्याचे क्ष-किरण चित्र अद्याप यायचे आहे. शेजारच्या मौजातील बंदोबस्त मिसल मागवली आहे. तिथल्या चराईचे क्रमांक भरून झाले की उन्हाचा कडाका वाढण्याआधी पहाटेचे काही दिवस चालून घेता येतील.